एक्केचाळीस लिटर

ही घटना खरी आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो माझा सख्खा मामा. आणि ज्यांनी मला शेवटचा भाग सांगितला, त्यांना गोष्टी रचायची हौस नाही. आयुष्यभर ते फक्त आकडे सांगत आले.

अमावस्या, ओसाड रस्ता, कुत्र्याचं रडणं... यातलं काही इथे मिळणार नाही. मंगळवार होता. दुपारचा सव्वा वाजला होता. काचेच्या छतातून इतकं लख्ख ऊन पडलं होतं, की तलावाच्या तळाच्या फरश्या मोजता आल्या असत्या.

मामा एका मोठ्या सार्वजनिक जलतरण केंद्राचा मॅनेजर. पन्नास मीटरचा तलाव, पोरांसाठी उथळ तलाव, वर जिम, मागे बॅडमिंटनची चार कोर्टं. शिवाय एक कॅन्टीन, जिथला चहा तलावाच्या पाण्यापेक्षा थोडाच गरम असायचा. सत्तावीस वर्षं मामाने हा संसार सांभाळला. घरचा संसार मामीने सांभाळला.

मामाचं एक म्हणणं होतं. कपड्यांबरोबर माणसाचा हुद्दाही खुंटीला लागतो, मग खरा माणूस दिसतो. बायका दिसल्या की पोट आत ओढणारे. "आंघोळ करूनच आलो" म्हणणारे, पण पाठ कोरडी ठणठणीत. आणि "मला पोहता येतं" असं जो दोनदा सांगतो, त्याच्यावरून लाइफगार्डने नजर हटवायची नाही, हा मामाचा लेखी हुकूम होता.

मामा मोजायचा. आत येणाऱ्या प्रत्येकाला दारावर नंबरचा रबरी पट्टा मिळे, जाताना तो परत द्यावा लागे. बॅच संपली की मामा शिट्टी मारी, पट्टे जुळवी, आणि वहीत लिही... पाण्यात शून्य. खाली सही. त्या सहीशिवाय कोणी जागचं हलायचं नाही. पाठीमागे सगळे त्याला 'शिट्टी' म्हणत. त्याला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

आणखी एक माणूस मोजायचा. पंपकाका.

पंपकाका तळघरात. त्यांना तलाव दिसायचा नाही. पण या तलावाचं पाणी अगदी काठोकाठ भरलेलं असे. माणूस पाण्यात उतरला की त्याच्या अंगाएवढं पाणी काठावरच्या जाळीतून खाली सांडतं आणि तळघरातल्या उंच, अरुंद टाकीत येतं. माणूस बाहेर पडला की पंप तेवढंच पाणी परत वर चढवतो. त्या टाकीला पंपकाकांनी काचेची नळी लावली होती, आत तरंगता काटा सोडला होता आणि बादल्या ओतून ओतून, एकेक लिटरच्या खुणा स्वतःच्या हाताने रंगवल्या होत्या. टाकीकडे बघून ते इंटरकॉमवर सांगत, "साहेब, वर गर्दी झाली. कोणीतरी जाडजूड गृहस्थ आत्ताच उतरले."

आणि खरंच एखादे गृहस्थ उतरलेले असत.

त्या मंगळवारी सकाळच्या शेवटच्या बॅचला अठ्ठावन्न जण होते. एकला शिट्टी झाली. अठ्ठावन्न पट्टे परत आले. लाइफगार्ड मुलगी चारही बाजूंनी फिरून आली. मामाने लिहिलं, पाण्यात शून्य. सही केली.

मामीला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. चौथ्या दिवशी मामा कामावर हजर झाला होता. लोक म्हणाले, मन रमेल. लोकांना म्हणायला काय जातंय.

इंटरकॉम वाजला.

"साहेब, वर कोण राहिलंय?"

"कोणी नाही. सही झाली."

"सही झाली असेल. पण पाण्यात एक जण आहे."

मामाने खिडकीतून पाहिलं. तलाव रिकामा. आरशासारखं स्थिर पाणी.

"काका, नळी पुसा तुमची."

"पुसली. चष्माही पुसला. काटा शून्यावर आला होता, परत चढला. आणि साहेब..."

"काय?"

"एक्केचाळीस लिटर आहे फक्त. मोठं माणूस नाही हो. पोर असणार."

मामा फोन टाकून धावला.

तो जिना उतरला कसा, ते त्याला आजही आठवत नाही. लाइफगार्ड मुलगी डबा उघडून बसली होती. मामाने फक्त "तळ" असा एक शब्द उच्चारला आणि तिने अंगावरच्या कपड्यांनिशी सूर मारला. या धंद्यात त्या शब्दाचा दुसरा अर्थ नसतो. तिने खोल बाजू पिंजून काढली. मधली काढली. दम खात वर आली.

"सर, काही नाही."

"पुन्हा बघ."

पुन्हा गेली. पुन्हा काही नाही.

मामाने रजिस्टर काढलं. सकाळच्या बॅचमधल्या प्रत्येक मुलाच्या घरी फोन लावला. पोरगं घरी आहे का? आहे. जेवतंय का? जेवतंय. एका आईने तर सुनावलं, "पोहायला पाठवलं तर पोहून येणारच ना. तुम्ही का घाबरवताय?"

सगळी मुलं घरी होती.

मुलगी पाण्याबाहेर येऊन टॉवेलात कुडकुडत बसली होती. तिचे तिचे एकोणपन्नास लिटर आले आणि गेले, हे पंपकाकांनी खालून सांगितलंच होतं. एक्केचाळीस मात्र तसेच होते.

आणि मग मामाला ऐकू आलं.

उथळ बाजूच्या पायऱ्यांजवळ... जाळीतून... घळ्.

थोडं थांबून... घळ्.

पाणी स्थिर असताना जाळी बोलत नाही. कोणी सावकाश चालत असेल, पाण्याला छातीने ढकलत, तर प्रत्येक पावलाला एवढीशी लाट काठावर येते. तसा आवाज. पायऱ्यांपासून सुरू झालेला. मग भिंतीच्या कडेकडेने. मग परत.

मुलीने हळूच विचारलं, "सर, तुम्हालाही येतोय?"

"हवा अडकली असेल नळात," मामा म्हणाला.

हवा चालत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

बुधवारी तेच. एकची शिट्टी, शून्य, सही. आणि सव्वाला... घळ्.

गुरुवारी व्हॉल्व्ह बदलला. तरी तेच. शुक्रवारी पंपकाका स्वतः वर आले. वर्षातून दोनदा वर येणारा माणूस, उन्हात डोळे मिचकावत उभा राहिला.

"साहेब, गळती असती तर आकडा रोज बदलला असता. बिघाड असता तर वेळ बदलली असती. मी खाली भिंतीवर लिहून ठेवलंय. मंगळवारी एक्केचाळीस, बुधवारी एक्केचाळीस, काल एक्केचाळीस, आज एक्केचाळीस. हे एकाच माणसाचं वजन आहे."

मामा बाकावर बसला.

कारण तो आकडा त्याला ठाऊक होता. मंगळवारीच ठाऊक होता. फक्त "पोर असणार" या शब्दांनी त्याला आंधळं केलं होतं.

मामी पंचवीस वर्षं पाण्याला भ्यायली. मॅनेजरची बायको, आणि तलावाच्या काठावरसुद्धा चप्पल घट्ट धरून उभी. "तुमच्या कपड्यांना येतो तेवढा क्लोरीनचा वास मला पुरे," म्हणायची. मग पोटाचं दुखणं निघालं. अंग झडत गेलं, पाय उचलेनात. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चालवा, सांध्यांना बरं. मामाने हाताला धरून उतरवलं. पहिल्या दिवशी तिने त्याच्या मनगटात नखं रुतवली. आठव्या दिवशी म्हणाली, "सोडा आता. लोक हसतील, म्हातारपणी हात धरून फिरतात म्हणून."

भिंतीच्या कडेकडेने ती चालायची. जायची, यायची. पाण्यात ती कोणाची पेशंट नव्हती.

वजन मात्र उतरतच होतं. दर आठवड्याला दवाखान्यात काटा. काट्यावर उभं राहिलं की तिला खाली वाकून आकडा वाचता यायचा नाही. ती मामाला विचारायची, "किती?"

ज्याने सत्तावीस वर्षांत वहीत एक आकडा चुकीचा लिहिला नाही, तो तिथे खोटं बोलायचा.

"सत्तेचाळीस. मागच्या वेळेएवढंच."

शेवटच्या वेळी काट्याने एक्केचाळीस दाखवले होते. मामा म्हणाला, "चौरेचाळीस." आम्हा सगळ्यांनाही त्याने चौरेचाळीसच सांगितलं. खरा आकडा दवाखान्याच्या कागदात गेला आणि मामाच्या छातीत राहिला. मामी चौरेचाळीस धरूनच गेली.

पंपकाकांना तो कळायचा काही मार्गच नव्हता.

आणि एक गोष्ट मामाने कोणालाच सांगितली नव्हती. तिचा पाण्यातला शेवटचा दिवस. एक वाजला, मामाने शिट्टी मारली. सगळे बाहेर आले. मामी लांबच्या भिंतीपाशी होती. तिने तिथूनच म्हटलं, "थोडं चालू द्या ना अजून. बाहेर आलं की सगळं जड होतं."

बाकीच्या बायका बघत होत्या. मॅनेजरची बायको म्हणून सवलत, असं कोणी म्हणायला नको. मामा म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा."

ती मुकाट्याने वर आली. पायऱ्यांवर दोनदा थांबली. त्याच संध्याकाळी तिला दवाखान्यात हलवलं. तिथून एकोणीस दिवस.

शनिवारपासून मामा एकची शिट्टी स्वतः मारेनासा झाला. लाइफगार्ड मुलीला सांगितलं, "तू तोंडाने सांग सगळ्यांना. हळू सांग." सव्वाला तो उथळ बाजूच्या बाकावर डबा घेऊन बसायचा. चार वाजता संध्याकाळची बॅच येईपर्यंत उठायचा नाही. वहीत पाण्यात शून्य लिहायचा नाही. त्या रकान्यात नुसती रेघ मारायचा.

सहा आठवडे.

माझी आई त्याची धाकटी बहीण. ती म्हणायची, "दादा सुधारला गं बाई, जेवायला लागला." आम्हाला वाटलं, काळ हेच औषध.

मग इंजिनिअरबाई आल्या. केंद्र ज्यांच्या ताब्यात होतं, त्या समितीच्या. तळाच्या फरश्या सुटत होत्या. एका मुलीचा तळवा कापला होता, तीन टाके. बाई सरळ बोलणाऱ्या होत्या.

"तलाव उपसायचा. तीन आठवडे काम. मागच्या महिन्यातच करायचं होतं. तुम्ही दोनदा तारीख पुढे ढकललीत. का?"

"उन्हाळा आहे. गर्दी आहे."

"पुढचं पोर डोक्यावर आपटलं तर गर्दीला काय सांगणार?"

ज्या माणसाने एका ओल्या फरशीवरून सफाईवाल्याला तासभर सुनावलेलं आहे, त्याला हे दुसऱ्याने सांगावं लागलं. त्याने मान खाली घातली.

बाईंनी फॉर्म पुढे केला. उपसण्याआधी मॅनेजरची सही लागते. त्यात एकच ओळ महत्त्वाची... 'पाण्यात कोणीही नाही याची मी खात्री केली आहे.'

"सोमवारी करतो," मामा म्हणाला.

त्या सोमवारी केंद्र बंद होतं. मामाने सगळ्यांना सुट्टी दिली. खाली पंपकाका, वर मामा, बाकी इमारत रिकामी. उपसायच्या चाकावर पंपकाकांचा हात, आणि दोघांच्या मध्ये इंटरकॉम. मामाने रिसीव्हर बाकावर तसाच उघडा ठेवला होता.

सव्वा वाजला.

घळ्...

"साहेब, आल्या," पंपकाका हळूच म्हणाले.

या वेळी 'आल्या' म्हणाले. मामाच्या लक्षात आलं, पण त्याने विचारलं नाही.

त्याने बूट काढले, मोजे काढले, पँट दुमडली. पायऱ्यांवर बसून पाय पाण्यात सोडले. मामी गेल्यापासून पहिल्यांदा.

"त्रेचाळीस झाले," खालून आवाज आला.

"त्यातले दोन माझे. पाय सोडलेत."

"बरं."

मामाजवळ शिट्टी नव्हती. मुद्दाम घरी ठेवून आला होता. तो पाण्याशी बोलायला लागला, बाजारातून काय आणायचं ते बोलावं तशा आवाजात.

"आज पाणी सोडायचंय. फरश्या सुटल्यात. पोरांना लागतंय. ... तुला बाहेर यावं लागेल. पण घाई नाही. आज घड्याळ नाही. तू चाल."

घळ्... भिंतीच्या कडेने... लांब गेला आवाज.

"त्या दिवशी मी चुकलो. बायका काय म्हणतील म्हणून. त्या बायकांची नावंसुद्धा मला आठवत नाहीत आता."

घळ्...

"आणि तुझं वजन चौरेचाळीस नव्हतं. एक्केचाळीस होतं. मी खोटं सांगत होतो. तू घाबरशील म्हणून म्हणायचो. खरं तर मीच घाबरलो होतो."

आवाज थांबला.

दोन मिनिटं काहीच नाही. छतातलं ऊन तळाशी हलत होतं. मग... पुन्हा सुरू. जायचा, यायचा.

दोन वाजले. तीन वाजले. चार. ऊन भिंतीवर चढलं. मामाच्या पायांना सुरकुत्या पडल्या. पाच वाजता पंपकाका म्हणाले, "साहेब, अजून त्रेचाळीसच."

"चालू दे तिला."

सहाला छत तांबडं झालं. मामा सकाळपासून उपाशी होता. डॉक्टरांनी त्याला साखरेच्या गोळ्या वेळेवर घ्यायला सांगितलं होतं. गोळ्या ऑफिसात होत्या. त्याला चक्कर येत होती, तरी उठत नव्हता. तोल जाऊन पाण्यात पडला असता, तर वर धरायला कोणी नव्हतं.

आणि मग रिसीव्हरमधून पंपकाकांचा आवाज आला.

"साहेब... उतरतोय."

मामाने पायरीवर बाजूला सरकून जागा केली.

"अडतीस. ... तीस. पायऱ्या चढत असतील. ... एकवीस. थांबल्यात."

"दमते ती. थांबू दे."

"चौदा. ... आठ."

मामाने ओल्या पायरीवर हात पुढे केला. तळवा वर करून.

"दोन," पंपकाका म्हणाले. "आता दोनच, साहेब. ते तुमचे."

मामा बराच वेळ तसाच बसला. मग त्याने एक पाय बाहेर काढला. मग दुसरा.

"शून्य," पंपकाका म्हणाले.

मामाने फॉर्मवर सही केली. खाली चाक फिरलं. तलावाच्या पोटात एक लांब घरघर उठली, आणि काठावरची जाळी पहिल्यांदा पूर्ण गप्प झाली.

नव्या फरश्या बसल्या. पाणी भरलं. आता सव्वा वाजता काही ऐकू येत नाही. मामा सुखाने निवृत्त झाला. गोष्ट इथेच संपली असती, तर मी ती सांगायच्या भानगडीत पडलो नसतो.

मागच्या वर्षी मी पंपकाकांना भेटायला गेलो. त्यांना आता दिसत नाही फारसं. मामाचा विषय निघाला. मी म्हटलं, "शेवटी मामी स्वतःहून बाहेर आली, हे मामाच्या नशिबात होतं."

पंपकाका कपातला चहा निवेपर्यंत नुसते धरून बसले.

मग म्हणाले, "काटा उतरला नव्हता."

"म्हणजे?"

"साडेसहा वाजत आले होते. साहेबांचा आवाज बारीक होत चालला होता. माझे गुडघे असे, जिना चढून वर पोचेपर्यंत काहीही झालं असतं. ते उठणार नव्हते, मला कळलं होतं. मग मी बोलत गेलो. अडतीस, तीस, एकवीस. मनाने. चाळीस वर्षांत पहिल्यांदा खोटा आकडा सांगितला."

मी माझा कप खाली ठेवला.

"त्यांनी पाय बाहेर काढले, तेव्हा काटा दोनने उतरला. तेवढं खरं," ते म्हणाले. "एक्केचाळीसवर थांबला. आणि मी चाक फिरवलं."

"मामी पाण्यात असताना?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"मग ती गेली कुठे, काका?"

"मला नका विचारू. पाणी असेल तोवरच माझी टाकी बोलते."

निघताना त्यांनी माझा हात घट्ट धरला. "साहेबांना सांगणार?"

मी नाही म्हटलं.

मामा हल्ली आमच्याकडेच असतो. रविवारी जेवताना कधी कधी विषय काढतो. म्हणतो, "कोणी हाक मारली नाही, कोणी घाई केली नाही. आपल्या पायांनी वर आली. हो की नाही रे?"

आणि माझ्याकडे बघतो.

मी मान डोलावतो. त्याच्या पानात भात वाढतो.